होम थिएटरसाठी घरच्या घरी लाकडी स्पीकर स्टँड: आधी कानाची उंची, मग करवत

चांगले बुकशेल्फ स्पीकर आणायचे आणि टीव्हीच्या युनिटवर, शोकेसमध्ये नाहीतर जुन्या घरातल्या कोनाड्यात कोंबायचे, असं बहुतेक घरांत होतं. मग सिनेमातले संवाद घोगरे वाटतात आणि ढोलाचा प्रत्येक ठोका घुमत राहतो. यात बहुतेक वेळा दोष स्पीकरचा नसतो. कोनाड्याच्या भिंती खालचे सूर फुगवतात आणि युनिटची पोकळ फळी स्पीकरबरोबर स्वतःही थरथरत असते. स्टँडला तीन कामं करायची असतात: स्पीकर कानाच्या उंचीवर धरायचा, स्वतः हलायचं नाही आणि कुणाचा धक्का लागला तरी पडायचं नाही. ही तिन्ही कामं १८ मिमी प्लायवूड आणि चाळलेल्या वाळूचा स्टँड चोख करतो. खाली दिलेल्या मापांत ४×४ फुटांच्या एका अर्ध्या शीटमधून पूर्ण जोडी निघते.

उंची कशी काढायची

बाजारात मिळणारे स्टँड २४ किंवा २८ इंचांचे असतात, कारण ते सोफा गृहीत धरून बनवलेले असतात. आपल्याकडे मात्र कितीतरी घरांत सिनेमा गादीवर, लोडाला टेकून पाहतात. तेव्हा आकडा दुसऱ्याचा घेऊ नका, स्वतःचा मोजा. जिथे रोज बसता तिथे, रोज बसता तसेच सैल बसा. ताठ बसलात तर माप दोन इंच चुकेल. दुसऱ्या माणसाला टेपने फरशीपासून कानाच्या भोकापर्यंतची उंची घ्यायला सांगा. सोफ्यावर ती साधारण ३६ ते ३९ इंच येते, जमिनीवरच्या गादीवर २८ ते ३२ इंच. घरातल्या दोन-तीन माणसांची मापं घ्या आणि मधलं धरा.

मग स्पीकरच्या तळापासून ट्वीटरच्या, म्हणजे बारीक सूर काढणाऱ्या छोट्या गोल भागाच्या, मध्यापर्यंतचं अंतर मोजा. कानाच्या उंचीतून ते वजा केलं की स्टँडची एकूण उंची मिळते. या लेखातला हिशेब असा आहे: कान ३७ इंच, ट्वीटर तळापासून ९ इंच, म्हणून स्टँड २८ इंच, म्हणजे ७११ मिमी. स्पीकर साधारण ७ इंच रुंद, १० इंच खोल, १२ इंच उंच आणि ६ किलोचा धरला आहे. गादीवर बसणाऱ्यांसाठी कान ३० इंच धरला तर स्टँड २१ इंचांचा होतो. बाकी सगळी मापं तीच राहतात, फक्त खांब १७८ मिमीने आखूड होतो.

काही घरांत दोन्ही चालतं, मोठी माणसं सोफ्यावर आणि मुलं खाली. तिथे मधली उंची घ्या आणि उरलेला फरक पाचरीने काढा. १० इंच खोल स्पीकरच्या पुढच्या कडेखाली अर्ध्या इंचाची पाचर सरकवली तर ८ फुटांवर आवाजाचा रोख जवळपास ५ इंच वर जातो. मागच्या कडेखाली दिली तर तेवढाच खाली येतो.

लाकूड कोणतं

खांब आणि तळासाठी १८ मिमी बीडब्ल्यूआर (पाण्याला टिकणारं) प्लाय घ्या, आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून. स्वस्तातलं कमर्शियल प्लाय पोकळ निघतं. कापल्यावर कडेला थरांमध्ये भोकं दिसतात आणि नेमकी तीच जागा गुणगुणते. मरीन प्लायची इथे गरज नाही. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) जड आणि एकसारखा असतो, रंगही छान घेतो. पण कडेत स्क्रू मारला की फाटतो, आणि फरशी पुसताना तळाला रोज पाणी लागलं तर फुगतो. एमडीएफच वापरायचा असेल तर फक्त वरच्या फळीसाठी वापरा.

अस्सल लाकडाचा मोह होणं साहजिक आहे. किनवटच्या बाजूला सागाचं जंगल आहे. शिवाय माळवदाची जुनी घरं उतरवली जातात तेव्हा त्यांचे खांब आणि तुळया जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. कैक वर्षं वाळलेलं असं सागवान नव्यापेक्षा कमी फिरतं. मात्र त्यात खिळे दडलेले असतात. कापायच्या आधी दोरीला बांधलेलं लोहचुंबक पूर्ण लाकडावरून फिरवा, नाहीतर एका खिळ्यात ब्लेडचे दात जातात. बाभूळ जड आणि चिवट. बैलगाडीची चाकं आणि औतं तिचीच होत आली आहेत. तळासाठी ती उत्तम, पण अवजारांची धार लवकर घालवते आणि नीट वाळली नसेल तर तडकते.

भरीव लाकूड वापरणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरावी. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठाक असते आणि ऑगस्टमध्ये दमट. एवढ्या फरकाने ३०० मिमी रुंद सागाची फळी आडव्या दिशेने २ ते ३ मिमी कमी-जास्त होऊ शकते. ती चारही बाजूंनी घट्ट आवळली तर चिरते. म्हणून तिच्यासाठी स्क्रूची भोकं आडव्या दिशेने लांबट ठेवा आणि पूर्ण फळीला फेविकॉल लावू नका. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्यामुळे हा त्रास जवळपास नसतो. पहिल्यांदा करणाऱ्यांनी प्लायचाच स्टँड करावा हे आमचं स्पष्ट मत आहे. सागाची हौस पातळ विनियर, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, लावूनही भागते.

कापायची मापं (एका जोडीसाठी, मिमीमध्ये)

तळ: ३०० × ३५०, ४ नग (प्रत्येक स्टँडला दोन, एकावर एक)
वरची फळी: १८० × २४०, २ नग
खांबाच्या रुंद पट्ट्या: १२० × ६४०, ४ नग
खांबाच्या अरुंद पट्ट्या: ८४ × ६४०, ४ नग
खांबात बसणारे ठोकळे: ८४ × ८४, ८ नग (उरलेल्या तुकड्यांतून)

उंचीचा मेळ असा बसतो: पाय १५, दुहेरी तळ ३६, खांब ६४०, वरची फळी १८, स्पीकरखालची पुट्टीची चकती २. एकूण ७११.

वरची फळी स्पीकरच्या तळापेक्षा पुढून-मागून किंचित लहान असावी. स्पीकरच्या पुढे फळी आली तर तिच्यावरून आवाज परावर्तित होतो, आणि दिसायलाही बेढब.

कापण्याआधी प्लायची खरी जाडी मोजा. १८ मिमी म्हणून मिळणारं प्लाय कित्येकदा १७ ते १७.५ भरतं. अरुंद पट्टीची रुंदी = १२० वजा दोनदा खरी जाडी. जाडी १७ असेल तर पट्टी आणि ठोकळा दोन्ही ८६ चे होतात. हे न पाहता ८४ च कापलं तर खांब एका बाजूने १२० आणि दुसऱ्या बाजूने ११८ होतो, आणि विनियर लावताना कोपरे जुळत नाहीत.

कटिंग हाताने करू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी मोठ्या प्लायच्या दुकानांत मशीनवर कापून देतात. तालुक्याच्या गावी सुताराच्या टेबल मशीनवर काम होतं. दोन गोष्टी आवर्जून सांगा: आठही लांब पट्ट्या एकाच सेटिंगवर कापायच्या, आणि ब्लेडच्या जाडीचे ३ मिमी प्रत्येक कापाला वेगळे धरायचे. घरी आणल्यावर आठही पट्ट्या उभ्या करून शेजारी शेजारी लावा. एखादी अर्धा सूतही (साधारण दीड मिमी) लांब असेल तर लगेच दिसते. एका स्टँडच्या चार पट्ट्या समान असल्याच पाहिजेत.

बाकी सामान: फेविकॉल अर्धा किलो, ८ नंबरचे अडीच इंची स्क्रू १०, दीड इंची ८, सव्वा इंची १६, दीड इंची बारीक खिळे पावशेर, ८ मिमी बोल्टचे खालीवर फिरणारे पाय ८ आणि तेवढेच टी-नट (लाकडात ठोकून बसवायचे दातेरी नट), चाळलेली वाळू १४ किलो, जाड पॉलिथिनच्या दोन लांब पिशव्या, पॉलिश पेपर ८०, १२०, १८० आणि २२० नंबरचे. ड्रिल, गुण्या, लेव्हल आणि रंधा शेजारच्या सुताराकडून दोन दिवसांसाठी मिळाला तरी काम भागतं.

वाळू आधी वाळत घाला

पोकळ खांब हा ढोलच असतो, बोटाने टिचकी मारली की लांबट आवाज येतो. वाळू भरली की तोच आवाज 'ठक्' असा तिथल्या तिथे मरतो. वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि थरथर त्या घर्षणात संपते. म्हणूनच वाळूऐवजी सिमेंट ओतू नये. वजन येतं, पण कण हलत नाहीत, म्हणून थरथर जिरत नाही. शिवाय चुकलं तर स्टँड उघडता येत नाही.

गोदावरीची, मांजरेची, कुठल्याही नदीची वाळू चालते. ती ओली मात्र नको. ओल असेल तर प्लायचे थर सुटतात, खिळे गंजतात आणि वाळवीला आयतं आमंत्रण मिळतं. वाळू धुवून माती काढा, चाळा आणि उन्हाळ्यात दोन पूर्ण दिवस गच्चीवर पातळ पसरा. पावसाळ्यात काम करत असाल तर लोखंडी कढईत थोडी थोडी भाजून पूर्ण थंड करा. ओल तपासायला मूठभर वाळू काचेच्या बाटलीत घालून झाकण लावा आणि तासभर उन्हात ठेवा. आतून थेंब धरले तर अजून वाळवा. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरायची असेल तर तिची भुकटी आधी धुवून काढा, नाहीतर प्रत्येक फटीतून धूळ गळत राहते.

जोडणी

पहिलं काम तळाचं. दोन तुकड्यांपैकी एकावर फेविकॉल जुन्या कार्डाने सगळीकडे पातळ पसरवा, मधोमधही. नुसत्या कडांना लावलं तर मध्ये हवा राहते आणि तळ पोकळ वाजतो. दोन्ही तुकडे जुळवून खालून सव्वा इंची आठ स्क्रू मारा आणि वर विटा रचून रात्रभर ठेवा.

फेविकॉलचं काम सकाळीच उरका. मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या वर असताना कोरडं प्लाय पाणी झटकन शोषतं आणि पाच मिनिटांत फेविकॉलवर साय धरते. मग सांधा वरून चिकटल्यासारखा दिसतो आणि महिन्याने सुटतो. प्लायच्या कडेला एक पातळ हात आधी देऊन पाच मिनिटं मुरू द्या आणि मग दुसरा हात लावून जोडा. कड आडव्या-उभ्या तंतूंची असल्याने पहिला हात ती पिऊनच टाकते.

आठ ठोकळे दोन-दोन एकत्र चिकटवून ३६ मिमी जाडीचे चार ठोकळे करा. प्रत्येक खांबाच्या खाली एक आणि वर एक. यांच्यावाचून हा स्टँड टिकत नाही. तळातून येणारा स्क्रू थेट प्लायच्या कडेत गेला तर थर फाकतात आणि दोन-तीनदा स्टँड उचलल्यावर खांब डुलायला लागतो. ठोकळ्यात मात्र तोच स्क्रू थरांना आडवा जातो आणि घट्ट धरतो.

खांबासाठी एक रुंद पट्टी जमिनीवर ठेवा, तिच्या दोन्ही कडांवर अरुंद पट्ट्या उभ्या करा आणि खालचा ठोकळा टोकाशी सपाट बसवून चिकटवा. वरचा ठोकळा आत्ता फक्त माप म्हणून न चिकटवता ठेवा, म्हणजे खांब चौकोनीच राहतो. गुण्या लावून पाहा. तोंडाचे दोन्ही कर्ण मोजा, त्यांत १ मिमीपेक्षा जास्त फरक नको. आतल्या सांध्यांतून बोटाने फेविकॉलची एक ओळ फिरवा, वाळू गळायची तिथूनच गळते. मग चौथी पट्टी बसवा. प्रत्येक १०० मिमीवर एक बारीक खिळा, पण आधी दीड मिमीचं भोक पाडूनच.

शिकंजे नसतील तर अडून राहू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापा आणि खांबाभोवती ताणून वरपासून खालपर्यंत गुंडाळा. चौकोनी खांबाला चारी बाजूंनी सारखा दाब यापेक्षा सोपा मिळत नाही. बाहेर आलेलं फेविकॉल ओल्या फडक्याने लगेच पुसा, वाळलं तर त्या जागी पॉलिश धरत नाही. चोवीस तास हलवू नका.

वाळल्यावर खांबाची टोकं तपासा. ओट्याच्या ग्रॅनाइटवर ८० नंबरचा पेपर दुहेरी टेपने चिकटवा आणि खांबाचं खालचं टोक त्यावर गोल घासा, गुण्या चारही बाजूंनी बसेपर्यंत. खाली अर्ध्या मिमीचा तिरकसपणा ६४० मिमी उंचीवर जवळपास पावणेतीन मिमी होतो आणि शेजारी शेजारी ठेवलेल्या जोडीत तो लगेच दिसतो.

आता तळाच्या मधोमध खांबाची जागा आखा. तळातून ४.५ मिमीची पाच भोकं आरपार पाडा आणि खालून स्क्रूचं डोकं बुडेल एवढा खळगा करा. खांबाच्या ठोकळ्यात मात्र ३ मिमीचीच भोकं. तळातलं भोक सैल असलं तरच स्क्रू खांबाला तळावर ओढून घेतो. दोन्हीकडे आटे धरले तर मध्ये फट तशीच राहते आणि कितीही पिळला तरी मिटत नाही. सांध्याला फेविकॉल लावा आणि अडीच इंची स्क्रू आवळा.

मग पॉलिथिनची पिशवी खांबात सोडा आणि वाळू भरा. दर चार-पाच ओंजळींनंतर रबरी हातोडीने खांबाला हलके ठोके द्या, वाळू बसते. वरच्या ठोकळ्याच्या जागेखाली बोटभर जागा मोकळी ठेवा. या मापात एका खांबात साधारण ६ किलो वाळू मावते आणि पूर्ण स्टँड १२ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे ६ किलोच्या स्पीकरच्या दुप्पट, आणि एवढं हवंच. पिशवीचं तोंड बांधून वरचा ठोकळा चिकटवा. तो वाळला की त्यावर वरची फळी दीड इंची चार स्क्रूंनी बसवा. या सांध्याला फेविकॉल लावू नका, पुढे मोठा स्पीकर आला तर फक्त ही फळी बदलता येईल.

वायरसाठी खांबाला भोकं पाडायची गरज नाही. इलेक्ट्रिशियन वापरतात ती २० मिमीची केसिंग-पट्टी मागच्या बाजूला चिकटवा आणि खांबाच्याच रंगात रंगवा.

शहाबादी फरशी आणि पाय

शहाबादी फरशीची घरं असतील तर एक गोष्ट लगेच कळेल: चार पाय एकाच वेळी कधी टेकत नाहीत. म्हणून पाय खालीवर फिरणारेच हवेत. तळाच्या कोपऱ्यांपासून २५ मिमी आत भोकं पाडून वरून टी-नट ठोका आणि खालून पाय फिरवा. टी-नट तळाचे दोन पदर चिकटवण्याआधी खालच्या पदरात वरून ठोकून ठेवला तर वरून दिसत नाही. तीन पायांचा स्टँड डुलत नाही हे खरं, पण दोन पायांच्या मधून धक्का लागला तर पटकन कलंडतो. लहान मुलं असलेल्या घरात चारच पाय ठेवा. टोकदार स्पाइक गालिच्यावर ठीक, फरशीवर ओरखडे काढतात.

तीच शहाबादी तळासाठी फार कामाची आहे. २५ मिमी जाडीची ३०० × ३५० ची फरशी सुमारे पावणेसात किलो भरते. दुहेरी तळाऐवजी एक पदर प्लाय आणि त्याखाली फरशी घेतली तर स्टँडचा गुरुत्वमध्य बराच खाली येतो. फरशीत भोक पाडताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवा आणि बिट पाण्याने गार करत हळू पाडा. हॅमर चालू राहिलं तर थर सुटून कोपरा उडतो. या बदलाने तळ ७ मिमीने उंच होतो, तेवढा खांब आखूड करा.

पडण्याची चाचणी

स्पीकर ठेवण्यापूर्वी त्याच वजनाचं काहीतरी, समजा ६ किलो धान्याची पिशवी, वरच्या फळीवर घट्ट बांधा. एका बाजूच्या दोन पायांखाली ४.५ सेंटीमीटर उंचीची वह्या-पुस्तकं सरकवा. म्हणजे स्टँड साधारण १० अंश कलतो. चारही बाजूंनी असं करून पाहा. कुठल्याही बाजूला कलंडला तर पाय आणखी कडेला न्या, तळ रुंद करा किंवा शहाबादी लावा. मागच्या सराउंड स्पीकरसाठी ३६ इंचांचे स्टँड करत असाल तर तळ ३५० × ४०० पेक्षा लहान ठेवूच नका.

रंग, वाळवी, पावसाळा

पेपर ८० पासून २२० पर्यंत क्रमाने मारा, एकही नंबर गाळू नका. ८० चे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. प्लायच्या उघड्या कडांना सागाची पातळ पट्टी लावा. टीव्हीच्या शेजारी चकचकीत पॉलिश टाळा, पडद्याचा उजेड त्यावर चमकून डोळ्यांत जातो. काळा मॅट रंग किंवा मॅट मेलामाइन बरं. मेलामाइन पावसाच्या दमट दिवशी मारलं तर पांढरट धुकं धरतं, आणि मेमध्ये अंगणात मारलं तर वावटळ सगळी धूळ त्यावर आणून टाकते. दार-खिडक्या अर्धवट लावून घरातच मारा, पण हवा खेळती ठेवा.

सगळ्यात जास्त लक्ष तळाच्या खालच्या बाजूला द्या. ती दिसत नाही म्हणून सोडून देतात आणि वाळवी तिथूनच चढते. वाळवीरोधक औषधाचा एक हात आणि रंगाचे दोन हात, भोकांच्या आतल्या कडांसकट. जुन्या मातीच्या भिंतीला स्टँड टेकवू नका.

जागा

स्टँड आणि भिंत यांत ८ ते १२ इंच ठेवा. स्पीकरला मागे भोक असेल तर जास्त. समोरचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून प्रत्येकी २२ ते ३० अंशांवर असावेत. ९ फुटांवर बसत असाल तर दोघांत ७ ते १० फूट अंतर येतं. ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सराउंड ११० ते १२० अंशांवर, कानापेक्षा थोडे वर चालतात. स्पीकर आणि फळी यांमध्ये पोस्टर चिकटवायच्या पुट्टीच्या चार वाटाण्याएवढ्या गोळ्या दाबून ठेवा, दबून त्या २ मिमीच्या चकत्या होतात. ट्यूबचा काळा रबर थेट ठेवला तर स्पीकरच्या विनियरवर कायमचा डाग पडतो.

ऑक्टोबरमध्ये, पावसाळा उलटल्यावर, स्टँड एकदा आडवा करून तळाचे पाचही स्क्रू पाव फेरी आवळा आणि पाय पुन्हा लेव्हलला आणा.